डावखुरी हौसा

वडगाव निंबाळकरच्या दूध संकलन केंद्रावर रणजित फॅट काढतो. कॅनचं झाकण उघडलं की मशीनच्या आधी त्याचं नाक बोलतं.

"तात्या, म्हस पोहायला सोडली व्हती काय?"

तात्या समजतात. रांगेतले बाकीचेही समजतात. मग मशीन आकडा दाखवतं आणि तात्या मान खाली घालून रिकामा कॅन उचलतात.

या एका गुणावर रणजितला गावात मान आहे. दुसरा मान त्याने स्वतःच घेतला आहे. तो भुताच्या पिक्चरांचा जाणकार आहे.

'ओसाड मळा' नावाच्या पिक्चरचे आजवर सात भाग निघाले. हौसा नावाच्या बाईला मळ्यात विळ्याने मारतात, तिची हडळ होते आणि त्याच विळ्याने ती एकेकाला कापत सुटते. एवढीच गोष्ट. ती सात वेळा सांगितली. दुसऱ्या भागात हौसा पुन्हा आली. तिसऱ्यात तिची बहीण आली. चौथ्यात हौसा शहरात गेली, पाचव्यात लंडनला. सहाव्यात तिचं बालपण होतं. सातवा बघायला कागदी चष्मा लावायला लागायचा. आठवा भाग दिवाळीला येणार आहे. या पिक्चरांचे भक्त आहेत. फोनवर त्यांचे ग्रुप आहेत, त्यात रोज भांडणं आहेत. बारामतीच्या एका पोराने तर दंडावर विळा गोंदवून घेतला. त्याची आई तेव्हापासून त्याला पूर्ण बाह्यांचेच शर्ट घेते.

या सगळ्या भक्तांत रणजित वरच्या पाटावर. कारण पहिला भाग बघितलेला तो एकटाच.

पहिला भाग निघाला त्याच वर्षी निर्मात्याच्या दोन मुलांचं बिनसलं. पिक्चरचे डबे कोर्टाच्या कुलपात गेले. त्याआधी तो चारदोन जत्रांत तंबूत लागला, तेवढाच. ना त्याची सीडी आली, ना तो टीव्हीवर दिसला. पुढचे भाग धाकट्या मुलाने काढले. पहिला मात्र ऐकीव राहिला.

रणजितने तो सहाव्या वर्षी पाहिला होता. इंदापूरजवळच्या आजोळी, जत्रेत, तंबूत.

"पहिल्या रांगेत बसलो व्हतो," तो सांगायचा. "पुरुषांत. मोठी मोठी माणसं उठून पळाली. म्या पापणी न्हाय हलवली."

मग तो खिशातली दुधाची पावती काढायचा आणि पाठीमागे तीनचार वाकडी अक्षरं काढायचा.

"सुरुवातीला नाव आलं ते ह्या अक्षरांत. माणसाची लिपी न्हाय ही. भुताची. पुढच्या भागांत एकात तरी हाय का?"

नव्हती. ऐकणारा ती पावती जपून खिशात घालायचा.

पण रणजितचा खरा शोध हा नव्हता. खरा शोध हाताचा होता. पहिल्या भागातली हौसा डावखुरी होती. विळा डाव्या हातात. पुढच्या सगळ्या भागांच्या पोस्टरांवर तो उजव्या हातात. म्हणजे काय? म्हणजे पुढच्या सहा भागांत जी आली ती हौसा नव्हेच. कुणीतरी दुसरीच बाई मेलेली असणार. लोकांना उल्लू बनवलं.

"पहिला भाग म्हंजे निरसं दूध," तो म्हणायचा. "बाकी सगळी पावडर."

म्हणून पुढचा एकही भाग त्याने धड बघितला नव्हता. पावडर कळायला अख्खा डबा खावा लागत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

सकाळचं दूध टँकरमध्ये गेलं की केंद्रासमोरच्या चहाच्या टपरीवर तिघं बसत. रणजित, कोऱ्हाळ्याचा गेणबा आणि ठिबकच्या नळ्या विकणारा सौरभ. गेणबाचं वय रणजितएवढंच. नाव आजोबांचं लागलेलं. ऊस त्याच आजोबांचा, बोलणं त्यांच्याहून कमी.

सौरभला तिसरा भाग आवडायचा. त्याने ते एकदाच बोलून दाखवलं होतं.

"बहीण?" रणजित म्हणाला. "हौसाला बहीण कुठनं आली? पहिल्या भागात तिच्या तेराव्याला कोण व्हतं का? बहीण असती तर आली नसती व्हय?"

सौरभ त्यानंतर नळ्यांबद्दलच बोलायचा.

गेणबाची हरकत वेगळी होती. बारा वर्षांत त्याने ती दहाएक वेळा काढली असेल, आणि दर वेळी तेवढ्याच शब्दांत.

"डाव्या हातानं हा विळा चालत न्हाय, रंज्या. दाते एकाच अंगानं घासल्यालं असत्यात. डावऱ्याला लोहाराकडनं येगळा घडवून घ्यावा लागतो. आमच्या चुलतीचा हाय तसा."

"भुताला लोहार लागत न्हाय, गेण्या."

टपरी हसायची. गेणबा बशीत चहा ओतायचा.

एकदा तो जरा पुढे गेला. "पण विळा तर तिला मारणाऱ्याचा व्हता ना? आन् मारणारा उजवा."

"तू पिक्चर बघितलाय का?"

"न्हाय."

"मग ऊस बघ."

गेणबा त्या दिवशी अर्धा चहा ठेवून उठला. रणजितच्या ते लक्षातही आलं नाही.

मग श्रेया आली. इंदापूरची, साहित्यात एम.ए. तासिकेवर शिकवायची आणि उरलेल्या वेळात एक चित्रपट मंडळ चालवायची. तिने ग्रुपवर रणजितचं डावखुऱ्या हौसावरचं पुराण वाचलं आणि ती थक्क झाली. साहित्यात एम.ए. झालेली माणसं लवकर थक्क होतात. डावा हात म्हणजे नाकारलेला हात, डावा हात म्हणजे बंड, असा तिने आठ पानी लेख लिहिला. रणजितला तिने तो वाचून दाखवला. त्याला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण आपण एवढं मोठं काहीतरी पाहिलं होतं याचा त्याला अभिमान वाटला.

त्याच वर्षी कोर्टाचं कुलूप निघालं. निर्मात्याच्या मुलांचा समेट झाला, आठव्या भागाची हवा करायला पहिला भाग साफसूफ करून पुन्हा दाखवायचं ठरलं. श्रेयाने खटपट करून इंदापुरात एक खेळ मिळवला.

"रणजितदादा, पिक्चरनंतर तुम्ही बोलायचं," ती म्हणाली. "तुम्ही साक्षीदार आहात."

ही बातमी टपरीवर आली तेव्हा सौरभ पहिल्यांदा हसला.

"म्हंजे आता समद्यांनाच दिसंल. डावी का उजवी."

"दिसू दे की."

"आन् उजवी निघाली तर?"

रणजितने कप खाली ठेवला. चार माणसं ऐकत होती, म्हणून आवाज जरा चढला.

"उजवी निघाली तर राहिल्यालं सहाच्या सहा भाग या गेण्याच्या घरी बसून बघीन. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत. आन् तोंडातनं चकार शब्द काढणार न्हाय."

"तू?" गेणबा म्हणाला. "गप?"

"गप."

गेणबाने त्याच्याकडे नीट पाहिलं. रणजित शेजारी बसला की त्याला टीव्हीवरचा कुठलाच पिक्चर आजवर ऐकू आला नव्हता. मग म्हणाला, "लय झालं." पण त्याने ते लक्षात ठेवलं.

खेळ रविवारी सकाळी अकराला होता, एका मंगल कार्यालयात. आदल्या दिवशी तिथं लग्न झालं होतं. स्टेजवर थर्माकोलचे दोन मोर तसेच उभे होते, त्यांच्या मधोमध पडदा लावला होता. खिडक्यांना सतरंज्या. खुर्च्यांना गुलाबी फीत. दीडशे माणसं आली. गोंदवलेला पोरगा अर्ध्या बाह्यांत आला.

दारात श्रेयाने पांढऱ्या मांजरपाटाचा कापडी फलक टांगला होता. त्यावर रणजितने पावतीवर काढून दिलेली भुताची अक्षरं, हातभर मोठी, काळ्या रंगात. खाली बारीक अक्षरांत : प्रत्यक्षदर्शी वक्ते, श्री. रणजित.

रणजितने फलकाचा फोटो काढला. मग आपल्यासकट काढला. मग गेणबाला काढायला लावला.

गेणबाच्या पिकअपमधून येताना त्यांनी वाटेत सारजामावशीला घेतलं होतं. रणजितची ही सख्खी मावशी. आजोळच्याच गावात दिलेली, पेरूच्या बागेतली. सत्तरीला आलेली. तिला भाचा व्याख्यान देणार एवढंच सांगितलं होतं. पिक्चरचं नाव ऐकून ती म्हणाली, "आरं, हौसाचा व्हय? हा तर म्या त्या जत्रंत दोनदा बघितला." गाडीच्या आवाजात ते कुणी मनावर घेतलं नाही.

अंधार झाला. पडद्यावर नाव आलं. 'ओसाड मळा'. साधी, ठळक, बाळबोध अक्षरं.

"भुताची लिपी कुठं गेली?" मागून सौरभ.

"सेन्सॉरनं काढली," रणजित पुटपुटला.

वीस मिनिटांनी हौसा मेली. आणखी दहा मिनिटांनी उठली. ज्वारीच्या ताटांतून एक हात वर आला. हातात विळा.

उजवा हात.

सभागृहात कुणी किंचाळलं नाही. दीडशे माणसांनी माना वळवल्या आणि रणजितकडे पाहिलं. भुताच्या पिक्चरमध्ये भुताकडे कुणी बघत नाही, असं क्वचितच होतं.

श्रेयाने पिक्चर थांबवला. हात तसाच वर राहिला.

"दादा?"

रणजित उभा राहिला. कान तापले होते. पण रोज पहाटे पन्नास माणसांना तोंड देणारा माणूस तो.

"प्रत उलटी झालीय," तो म्हणाला. "साफ करताना फिरवली. डाव्याचं उजवं झालंय."

"उलटी असती तर नावही उलटं आलं असतं ना? आरशात दिसतं तसं."

"नाव नंतर नवीन चिकटवलंय. बघितली न्हाईत का अक्षरं? आत्ताची हायत."

मग गोंदवलेला पोरगा ओरडला, "बरोबर आहे! नाव नवंच वाटत होतं!" दुसरा म्हणाला, धाकट्या मुलाचा डाव आहे, पहिल्या हौसाला पुढच्या भागांत बसवायला मुद्दाम उलटवलंय. तिसऱ्याने ते लगेच ग्रुपवर टाकलं. श्रेयाच्या चेहऱ्यावर थक्कपणा परत आला. तिच्या लेखाला आता नववं पान मिळालं होतं. बंड करणारा हात सत्तेने उलटवला.

भक्तांचं हे बरं असतं. देव खोटा निघाला तरी पुजारी खरा राहतो.

रणजित खाली बसला. सुटलो, त्याच्या मनात आलं. शेजारी गेणबा पडद्याकडे बघत होता. त्या थांबलेल्या हाताकडे, विळ्याच्या दात्यांकडे. दाते उजव्या हाताला लागतात त्याच अंगाला होते; प्रत उलटी असती तर तेही उलटे दिसले असते. त्याने तोंड उघडलं, रणजितकडे पाहिलं आणि मिटलं. बारा वर्षांची सवय.

मध्यंतराला दार उघडलं. लोक चहाकडे गेले. रणजित भाषणाचे कागद घेऊन जागेवरच बसला. मावशी शेजारी पेरू कापत होती.

बाहेर टळटळीत ऊन होतं. दारातल्या मांजरपाटातून ते आरपार येत होतं. पलीकडची काळी अक्षरं अलीकडे स्वच्छ उमटली होती. रणजितने सहज पाहिलं आणि त्याला वाचता आलं.

मळा.

'म'ची गाठ जरा फुटकी होती. 'ळ' पोट सुटल्यासारखा होता. काना उगाच लांब. पण मळाच.

त्याने पुन्हा पाहिलं. एकतीस वर्षं पावत्यांमागे काढलेली भुताची लिपी, कापडाच्या मागल्या बाजूने बघितलेली साधी बाराखडी होती. पहिलीत नुकतंच नाव घातलेल्या पोराला ती वाचता आली नव्हती, एवढंच.

"रंजू," मावशी हळूच म्हणाली. ती पण तिकडेच बघत होती. "आपण मागं व्हतो न्हवं त्या तंबूत?"

रणजितने भाषणाचे कागद घडी करून खिशात घातले.

"पुढं समदे बाप्ये. आमी बाया पडद्याच्या मागल्या अंगाला. तू माझ्या मांडीवर. ती उठली की तू पदरात तोंड घालायचास. म्हणायचास, मावशे, गेली का?"

सुरी पेरूत थांबली.

"म्या न्हाय सांगत कुणाला," ती म्हणाली.

रणजित उठला. दाराशी गेला. फलकाची वरची दोरी साध्या गाठीने बांधली होती. एक झटका पुरला असता. त्याने हात वर केला.

समोरून गेणबा आला. हातात दोन चहा. एक मावशीचा, एक रणजितचा. स्वतःसाठी तिसरा हात नव्हता.

"काय करतोस?" त्याने विचारलं.

"काय न्हाय."

"मग धर की. भाजतंय."

रणजितने चहा धरला. गेणबा फलकाखालून वाकून आत गेला. तो वाचायला थांबला नाही. बारा वर्षं तीच अक्षरं बघून त्याला आता त्यांत काही बघायचं राहिलं नव्हतं. रोज सकाळी पन्नास माणसांना मान खाली घालायला लावणारा रणजित एकटाच दारात उभा राहिला. चहा निवला तरी.

पिक्चर संपला, दार पुन्हा उघडलं. श्रेयाने माइकवर लांबलचक ओळख करून दिली. त्यात स्मृती, साक्ष आणि सत्य हे शब्द प्रत्येकी तीन वेळा आले. रणजित दोन मोरांच्या मधे जाऊन उभा राहिला. कागद खिशातच होते.

"गेण्या," तो माइकवर म्हणाला, "विळ्याचं तुझंच बरोबर हाय."

गेणबाने मागे वळून पाहिलं. दुसरा कुणी गेणबा आहे का, म्हणून.

"म्या पडद्याच्या मागनं बघितला. बायकांत. मावशीच्या मांडीवर. मागनं डावं दिसतं. आन् ती भुताची अक्षरं... दाराकडं बघा."

दीडशे माना दाराकडे वळल्या. आधी कुणीतरी मागून वाचलं. मग सगळ्यांनी मिळून, शाळेत वाचतात तसं. मग जो हशा उठला त्याने थर्माकोलचा एक मोर कलंडला. सौरभ खुर्चीवर उभा राहून हसत होता. तिसऱ्या भागाचा सगळा हिशेब त्याने त्या हशात चुकता केला. गोंदवलेला पोरगा एकटा म्हणाला, "पण तरीही..." त्याचं पुढचं कुणी ऐकलं नाही. श्रेया पहिल्या रांगेत बसून होती. आता ती खरोखरच थक्क होती. याआधीचं सगळं सराव होता.

"आणि काय बोलणार?" कुणीतरी ओरडलं.

"आणि काय न्हाय. मोठी मोठी माणसं पळाली ते पण म्या बघितलं न्हाय. तोंड पदरात व्हतं."

मग श्रेयाला काय सुचलं, तिने माइक सारजामावशीकडे नेला. वेळ भरायला वक्ता हवा होता. मावशीने माइक पेरूसारखा हातात धरला.

"ह्या भागात भ्या वाटतं," ती म्हणाली. "दुसरा काय खरा न्हाय. तिसऱ्यात भैन येती तो बरा हाय."

सौरभने शिट्टी मारली.

"तुम्ही सगळे भाग पाहिलेत?" श्रेयाने विचारलं.

"समदे. नातीच्या फोनवर. मला लंडनचा आवडला."

पुन्हा हशा. लंडनचा भाग भक्तांतसुद्धा शिवीसारखा वापरतात. रणजितचा तर तो हातखंडा होता. मळ्यातली हडळ तिकडं कशाला गेली, तिथं ऊस हाय का, विमानतळावर विळा कसा सोडला.

मावशी हशा संपेपर्यंत थांबली.

"हसा," ती म्हणाली. "त्या बाईला जित्तेपणी कुणी इंदापूरचा बाजार दावला न्हाय. मेल्यावर तरी कुणी लांब नेलं."

या वेळी कुणी हसलं नाही. श्रेयाने वही उघडली, पेन काढलं, आणि काही न लिहिता मिटली.

परतताना मावशीला पेरूच्या बागेत उतरवलं. कोऱ्हाळ्याचा फाटा आला तसा गेणबाने वेग कमी केला.

"रविवारी ये," तो म्हणाला.

"व्हय."

"सहाच्या सहा."

"म्हनलं न्हवं का."

पुढच्या रविवारी सकाळचं दूध घालवून रणजित गेणबाच्या घरी गेला. गेणबाच्या बायकोने शेंगदाणे भाजून ठेवले होते. सौरभ साक्षीला होता. मावशीही येऊन बसली होती, तिला कुणी बोलावलं नव्हतं. दुसरा भाग लागला. तो खरंच वाईट होता. रणजितने दोनदा बोट वर केलं, दोनदा खाली घेतलं. तिसऱ्यात बहीण आली. ती तेराव्याला का आली नव्हती हे पहिल्या पाच मिनिटांत सांगितलेलं होतं. तिला कुणी कळवलंच नव्हतं. सौरभ पडद्याकडे न बघता रणजितकडे बघत होता. रणजितने शेंगदाण्यांची ताटली त्याच्याकडे सरकवली.

चौथ्याला गेणबाची पोरं कंटाळून बाहेर गेली. पाचव्यात हौसा लंडनच्या पुलावर उभी राहिली, पदर वाऱ्यावर, खाली नदी. मावशी म्हणाली, "बघ, उजनीपेक्षा बारकीच हाय." मागून कुणीतरी हौसाला हाक मारली, तिने गर्रकन मान फिरवली, आणि रणजित दचकून मावशीच्या बाजूला सरकला.

सौरभला हे बघून आयुष्यभराचा ऐवज मिळाला.

"काय रं? पापणी हलली का?"

रणजितने तोंड उघडलं. गेणबाने नुसतं बोट वर केलं. रणजितने तोंड मिटलं.

खोलीत फक्त टीव्हीचा आवाज राहिला. पुलावरचा वारा, नदी, विळा दगडावर घासल्याचा बारीक आवाज. गेणबा भिंतीला टेकला आणि पाय लांब केले. बारा वर्षांत त्याला पहिल्यांदाच पिक्चर ऐकू येत होता.